गाजर गवत: गव्हाची गोष्ट आणि तारखांचा हिशेब

पहिला मोठा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की शाळेच्या कुंपणालगत आणि घराच्या परसात गाजराच्या पाल्यासारखी पाने असलेली रोपे जमिनीसरपट पसरू लागतात. महिना-दीड महिन्यात त्यांवर बारीक पांढरी फुले दिसतात. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी तिची नावे. लिनिअसने १७५३ साली तिचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे ठेवले. ती गवत मुळीच नाही. सूर्यफुलाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली वनस्पती आहे.

ती येथे आली कशी? कोणालाही विचारा, उत्तर तयार असते: पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हातून. आता तारखा पाहू. या कायद्याखालचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पण पुण्यातल्या उकिरड्यांवर ही झाडे प्रा. परांजपे यांनी १९५१ सालीच दाखवली होती, आणि आर. एस. राव यांनी भारतातली नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली १९५६ सालीच. म्हणजे झाड करारापेक्षा जुने! गहू मात्र अगदीच निर्दोष ठरत नाही. १९५१ साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज दिले होते, आणि धान्याच्या आयातीबरोबर बी पुन्हा पुन्हा येत राहिले असणे शक्य आहे. शिवाय रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही हे नाव सापडते. वर्गात ‘पुरावा म्हणजे काय’ हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी आठवत नाही.

गव्हाला दोष देण्याच्या भरात खरा प्रश्न बाजूला राहतो. मेक्सिकोत हे झाड आहे, पण तेथे ते असे माजत का नाही? कारण तेथे त्याला खाणारे कीटक आहेत. येथे झाड आले, त्याचे शत्रू मागे राहिले. एक झाड पंधरा हजारांवर बिया देते. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

सुरुवातीला उपाय एकच होता, हाताने उपटणे. त्याची किंमत पुण्याने मोजली. साठच्या दशकात तेथे त्वचादाहाचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. झाडातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली, की ती बहुधा सुटत नाही. सफाईच्या तासाला मुलांना उघड्या हातांनी हे झाड उपटायला लावणाऱ्या शाळा आजही दिसतात. हे ताबडतोब थांबवायला हवे.

१९८३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगेरा आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडला. त्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही पाने फस्त करतात. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गदारोळ उठला. चौकशीत असे दिसले, की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडल्यामुळे तो तेथे कुरतडत होता. नंतर त्याचा वापर पुन्हा सुरू झाला.

परसातल्या चार झाडांसाठी मात्र भुंगेऱ्याची वाट पाहत बसू नये. पाऊस पडून माती ओली असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि नाक-तोंड बांधून झाड मुळासकट काढावे. नुसते कापले तर बुडापासून पुन्हा फुटते. फुलावर आलेले झाड बांधावर टाकू नये. उपटल्यावरही त्यात बी पिकू शकते. मग जमीन उघडी ठेवू नये. टाकळा दाट उगवला, की गाजर गवताला फारशी जागा उरत नाही. पुण्याच्या परिसरात त्याचाच एक भाऊबंद, कॅसिया युनिफ्लोरा, याने त्याला मागे रेटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. अर्थात तोही परदेशीच.

पावसाळा सरला, की भुंगेरे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात. गाजर गवत मात्र नळाच्या ओलीवर हिवाळ्यातही फुलते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत न्हाणीमागे एक फेरी मारावी.