दुचाकी परवान्याची चाचणी : नियम, सराव आणि तयारी

गोव्यातील बहुतेक घरांच्या अंगणात एक तरी दुचाकी उभी असते. सायंकाळनंतर अंतर्गत भागांतील बससेवा विरळ होते. औद्योगिक वसाहतींतील पाळ्या आणि हॉटेलांतील कामाच्या वेळा बसच्या वेळापत्रकाशी जुळत नाहीत. त्यामुळे अठरावे वर्ष पूर्ण होताच परवाना काढण्याची लगबग सुरू होते. ही लगबग बहुधा कागदपत्रांपुरती राहते. मैदानावर आखलेला इंग्रजी आठचा आकडा पाय न टेकता पूर्ण केला म्हणजे चाचणी संपली, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ उमेदवाराकडून याहून पुष्कळ अधिक अपेक्षा करतो, आणि त्या अपेक्षा रस्त्यावर जीव वाचवणाऱ्या सवयींशी निगडित आहेत.

परवाना कोणाला आणि कशासाठी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल चालवण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ते १६ वर्षे ठेवले आहे. मात्र आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्कूटरांचे इंजिन १०० सीसीहून मोठे असते. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती घरातील स्कूटर देणे कायद्यात बसत नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकींपैकी २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या वाहनांनाच परवान्यातून सूट आहे; त्यापुढील विजेवरील दुचाकीला परवाना लागतोच.

अर्ज करतानाच ‘गिअरची’ की ‘बिनगिअरची’ दुचाकी, हे ठरवावे लागते. चाचणी त्या प्रकारच्या वाहनावरच द्यावी लागते. गिअरच्या मोटारसायकलवर उत्तीर्ण झालेली व्यक्ती बिनगिअरच्या दुचाकीसाठीही उत्तीर्ण समजली जाते. याच्या उलट होत नाही. पुढेमागे मोटारसायकल चालवण्याचा विचार असेल, तर प्रारंभीच गिअरच्या वाहनावर सराव करणे सोयीचे. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या पायलटांना मात्र खासगी परवाना पुरेसा नसतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र बिल्ला लागतो.

शिकाऊ परवाना

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करता येतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र जोडावे लागते. ४० वर्षे ओलांडलेल्या अर्जदाराला वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावे लागते. केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी १५० रुपये, चालवण्याच्या चाचणीचे ३०० रुपये आणि परवान्याचे २०० रुपये आहे. राज्याचे अन्य आकार असल्यास ते अर्ज भरताना दिसतात.

प्राथमिक चाचणीत वाहतूक चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये, फाटकरक्षक नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी आणि सोबत बाळगावयाची कागदपत्रे यांवर प्रश्न असतात. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. चिन्हे पाठ करण्याऐवजी त्यांची भाषा समजून घ्यावी. तांबड्या कडेचे वर्तुळ बहुधा मनाई सांगते, निळे वर्तुळ सक्ती सांगते, तांबड्या कडेचा त्रिकोण पुढील धोक्याची सूचना देतो आणि निळा आयत माहिती पुरवतो. एवढे मनात ठसले की अनोळखी चिन्हाचाही अर्थ लागतो.

शिकाऊ परवाना ६ महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस पूर्ण झाल्याविना पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील ‘एल’ अक्षर लावणे बंधनकारक आहे. फलक किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे. शिकवणारी परवानाधारक व्यक्ती वगळता अन्य कोणालाही मागे बसवता येत नाही. मैत्रिणीला महाविद्यालयात सोडणे किंवा धाकट्या भावाला शिकवणीला नेणे हे या काळात नियमबाह्य ठरते.

तीस दिवसांचा सराव

तीस दिवसांची अट सरावासाठी आहे. पहिला आठवडा मोकळ्या मैदानावर घालवावा. समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास गोव्यात मनाई असल्याने तेथील सपाट वाळूचा मोह टाळावा. गाडी बंद ठेवून ती ढकलत नेणे, वळवणे आणि स्टँडवर लावणे येथून सुरुवात केल्यास तिच्या वजनाचा अंदाज येतो. त्यानंतर सरळ रेषेत जाणे, ठरलेल्या खुणेवर थांबणे आणि गिअर बदलणे यांचा सराव करावा. मोटारसायकलीवर क्लच हळूहळू सोडताना ज्या बिंदूवर गाडी पुढे सरकू लागते, तो बिंदू हाताला न पाहता कळला पाहिजे. संथ वेगातील सारा ताबा त्यावर अवलंबून असतो.

दुसऱ्या आठवड्यात कमी रहदारीचे गावातील रस्ते आणि तिसऱ्यात चौक, चढउतार व बाजारपेठेचा भाग असा क्रम ठेवता येईल. चढावर थांबून पुन्हा निघणे हा नियम १५ मधील स्पष्ट घटक आहे. पणजीतील आल्तिनोच्या टेकडीसारख्या चढावर नवखा चालक हमखास गडबडतो. अशा वेळी उजव्या पायाने मागील ब्रेक दाबून धरावा, डावा पाय जमिनीवर टेकवावा, क्लच पकड घेईपर्यंत सोडत थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि गाडी पुढे ओढू लागल्यावरच ब्रेक सोडावा. स्कूटरवर हेच काम डाव्या हातातील ब्रेकने करावे लागते.

आठचा आकडा

आठचा आकडा वेगाची नव्हे, तोलाची परीक्षा घेतो. पाय टेकणे, रेषेबाहेर जाणे आणि इंजिन बंद पडणे या तेथील नेहमीच्या चुका. तिन्हींचे मूळ बहुधा एकच असते : नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते. गाडी नजरेच्या दिशेने जाते, म्हणून वळण घेताना मान वळवून पुढच्या वळणाकडे पाहावे.

गिअरच्या गाडीवर पहिल्या गिअरमध्ये, झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जावे. ॲक्सिलरेटर स्थिर ठेवावा, क्लच अर्धवट दाबून वेग नियंत्रित करावा आणि गरजेपुरता मागील ब्रेक हलका लावावा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबल्यास गाडी त्याच बाजूला कोसळते. गुडघे टाकीला टेकलेले आणि कोपरे सैल असावीत. संथ वळणात गाडी आत झुकली तरी चालकाने शरीर सरळ ठेवावे.

बिनगिअरच्या स्कूटरला क्लच नसतो, म्हणून तेथे किंचित ॲक्सिलरेटर आणि हलका मागील ब्रेक यांचा मेळ घालावा लागतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस सक्तीचे आहे. संयुक्त प्रणालीत मागील ब्रेक दाबला की पुढील ब्रेकही काही अंशी लागतो. संथ वळणात तो अलगद दाबणेच इष्ट. सरावासाठी मैदानावर विटा किंवा चुन्याच्या खुणा करून आधी मोठी वर्तुळे घ्यावीत आणि जमेल तशी ती लहान करत न्यावीत. आठच्या दोन्ही बाजूंना सारखाच सराव हवा. बहुतेकांना एका बाजूचे वळण अवघड जाते.

निरीक्षकाचे लक्ष कुठे असते?

इंजिन सुरू करण्यापूर्वीच परीक्षा सुरू झालेली असते. हेल्मेटचा पट्टा बांधणे, आरसे जुळवणे, स्टँड वर घेणे, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणे आणि निघण्याआधी मागे पाहणे यांची नोंद घेतली जाऊ शकते. रस्त्यावर डाव्या बाजूने चालणे, वळण्यापूर्वी आधी आरसा व मग इशारा हा क्रम पाळणे, वळण पूर्ण होताच इंडिकेटर बंद करणे, परिस्थितीनुसार वेग राखणे, पादचाऱ्यांना वाट देणे आणि चौकात उजवीकडे, डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहणे हे घटक नियमांत नमूद आहेत. आरशात न दिसणारा भाग प्रत्येक दुचाकीला असतो. म्हणून दिशा बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक दृष्टिक्षेप टाकण्याची सवय लावावी.

हाताचे इशारेही यावे लागतात. उजवा हात आडवा पसरल्यास उजवीकडे वळण, कोपरातून वर उभा धरल्यास थांबणे आणि तळवा खाली करून वरखाली हलवल्यास वेग कमी करणे, असा त्यांचा अर्थ आहे. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असल्याने सरळ, मोकळ्या रस्त्यावर एका हाताने गाडी सांभाळण्याचा सराव आधी करावा.

वर्तुळाकार चौकांबाबत अनेकांचा गोंधळ होतो. पणजीच्या दिवजा सर्कलसारख्या ठिकाणी वर्तुळात आधीच असलेल्या वाहनांना अग्रहक्क असतो. प्रवेश करणाऱ्याने थांबावयाचे असते. दिवे किंवा पोलीस नसलेल्या समान दर्जाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी.

ब्रेक आणि पावसाळा

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. केवळ मागील ब्रेकवर विसंबणाऱ्याला थांबायला अधिक अंतर लागते. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब क्रमाने वाढवत आणि शक्यतो गाडी सरळ असताना लावावेत.

जून ते सप्टेंबर या काळात परवाना काढणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल व धूळ वर येते, खाणपट्ट्यात तांबडी माती रस्त्यावर साचते, आणि वळणांवरील बारीक खडी, ओली पाने, पांढरे पट्टे व लोखंडी झाकणे घसरडी होतात. पाणी साचलेल्या भागात खड्ड्याची खोली दिसत नाही. वेग आधीच कमी करणे, पुढील वाहनापासूनचे अंतर वाढवणे आणि टायरची नक्षी तपासणे हाच उपाय. छत्री उघडून दुचाकीवर बसणे हे चालक व सहप्रवासी दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

चाचणीच्या दिवशी

पणजी, मडगाव, म्हापसा, डिचोली, फोंडा, वास्को आदी ठिकाणच्या वाहतूक कार्यालयांपैकी नेमून दिलेल्या कार्यालयात वेळेआधी पोहोचावे. मूळ शिकाऊ परवाना, वेळनिश्चितीची प्रत आणि वाहनाची नोंदणी, विमा व पीयूसी प्रमाणपत्रे सोबत असावीत. दोन्ही ब्रेक, इंडिकेटर, मागचा दिवा, हॉर्न आणि आरसे आदल्या दिवशी तपासावेत. ज्या गाडीवर सराव केला तीच गाडी चाचणीला न्यावी. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. अन्य हेल्मेटांची निर्मिती व विक्री जून २०२१ पासून बेकायदा आहे.

चाचणीत अपयश आल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीन वेळा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा उमेदवाराला उपचारात्मक प्रशिक्षणाचीही अट घातली आहे. नेमकी कोणती चूक झाली, हे निरीक्षकाला नम्रपणे विचारून तेवढ्याच भागाचा सराव करणे हा उत्तीर्ण होण्याचा सर्वांत जवळचा मार्ग होय.

आडमार्गाची किंमत

परवान्याविना वाहन चालवल्यास सुधारित कायद्यानुसार ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अशा व्यक्तीला गाडी देणारा मालकही दोषी ठरतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही नाही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करू शकते. एका चुकीने कुटुंबावर वर्षानुवर्षांचे कर्ज चढू शकते.

ओळखीने किंवा दलालामार्फत चाचणी ‘उरकून’ घेणाऱ्याला कार्ड मिळते, कौशल्य मिळत नाही. तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. या दीर्घ काळात कोणताही निरीक्षक पुन्हा आठचा आकडा काढायला लावत नाही. म्हणून परवाना हाती आल्यावरही पहिले काही महिने सहप्रवाशाविना, दिवसाउजेडी आणि ओळखीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी. मागे कोणी बसले की ब्रेकचे अंतर, तोल आणि वळणाचा अंदाज सारेच बदलते. तो सराव प्रथम मैदानावर, हेल्मेट घातलेल्या जाणत्या व्यक्तीला मागे बसवून करावा आणि मगच घरच्यांना घेऊन महामार्गावर जावे.