कशेळे, कशेळ्याजवळ आणि शब्दांच्या जाती
यास्काच्या ‘निरुक्ता’त शब्दांचे वर्ग चार: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. मग शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ जाती आल्या कोठून?

१८३६ साली, ऐन तारुण्यात, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्याची चौकट इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची होती. आठ जाती त्याच परंपरेतल्या.

मात्र चौकट परकी असली, तरी भाषा आपल्याच चालीने चालते. कर्जत तालुक्यातील कशेळे घ्या. इंग्रजीत ‘निअर कशेळे’: नाम अविकृत, ‘निअर’ आधी, म्हणून ‘प्रेपोझिशन’, अर्थात पूर्वी ठेवलेला शब्द. मराठीत ‘कशेळ्याजवळ’: नामाचे सामान्यरूप होते, ‘जवळ’ त्यास नंतर जोडले जाते. म्हणूनच मराठी संज्ञा ‘शब्दयोगी अव्यय’. जात उसनी, नाव मात्र मराठीच्या स्वभावाचे.