पात्यावरचं नाव कुणाचं? शेफील्डचे छोटे चाकूकार आणि त्यांचे संग्राहक

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत खिशातला चाकू कशाला? तलवारींवर बोला, तोफांवर बोला. बरोबर आहे. पण तलवार राजाची असते, सरदाराची असते, आणि तिची कुठं ना कुठं नोंद राहते. पेन्सिलीला टोक काढायचा, फळ चिरायचा, सुतळी कापायचा जो घडीचा चाकू, त्याची नोंद कोण ठेवणार? आणि तो ज्यानं केला त्याची तर त्याहून नाही. जुने चाकू जमवणाऱ्यांत काही लोक मुद्दाम अनोळखी कारागिरांचेच चाकू जमवतात. ते असं का करतात आणि त्यातून इतिहासाला काय मिळतं, हे आज बघू.

यासाठी इंग्लंडमधल्या शेफील्डला जायला हवं. यॉर्कशायरच्या दक्षिण भागातलं हे गाव. डोंगरातून उतरणाऱ्या शीफ, पोर्टर, रिव्हलिन, लॉक्सली आणि डॉन या पाच नद्यांवर पाणचक्क्या, आणि त्या चक्क्यांवर फिरणाऱ्या दगडी साणी. साणेला लागणारा खरबरीत दगडही जवळच्याच डोंगरात. चॉसर या कवीच्या चौदाव्या शतकातल्या एका गोष्टीतला गिरणीवाला शेफील्डचाच चाकू बाळगून फिरतो. म्हणजे गावाचं नाव तेव्हाच झालं होतं. १६२४ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून तिथं ‘कंपनी ऑफ कटलर्स’ स्थापन केली. कंपनी म्हणजे आजच्या अर्थानं कारखाना नव्हे, कारागिरांचा संघ. उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिराला इथं स्वतःचा शिक्का मिळायचा. चांदणी, क्रॉस, एखादं अक्षर, एखादं चित्र. तो शिक्का पात्याच्या बुडाशी, म्हणजे पातं मुठीत शिरतं तिथं, ठोकायचा. माल खराब निघाला तर माणूस सापडावा, हा हेतू.

इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पुढं तो बिघडला. कसा, ते बघा.

शिक्का ही मालमत्ता होती. ती विकता यायची, भाड्यानं देता यायची, नवऱ्यामागं विधवेकडंही यायची. मग ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी नाव कमावलेले शिक्के मिळवले. जोसेफ रॉजर्स यांची चांदणी आणि माल्टीज क्रॉस, जॉर्ज वोस्टनहोम यांचं ‘आय एक्स एल’, हे जगभर गेले. आपल्या हिंदुस्थानच्या बाजारातही रॉजर्सचा चाकू म्हणजे खात्रीचा माल, अशी ख्याती होती. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात रॉजर्सनी ७५ पात्यांचा एक अवाढव्य चाकू मांडला होता. त्याला ‘नॉरफोक नाईफ’ म्हणतात. तो आजही आहे, पण तो रॉजर्सचा म्हणून. कुणाच्या हातून घडला, हे बघणाऱ्यांतल्या किती जणांना सांगता येईल?

दुसरीकडं १८१४ मध्ये कायदा बदलला. धंदा सुरू करायला संघाची उमेदवारी लागेनाशी झाली. मग एकेकटे कारागीर शेकड्यांनी उभे राहिले. त्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. मेस्टर म्हणजे मास्टर, हा तिथला गावठी उच्चार. छोटा मालक म्हणा ना. मालक कसला? वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या इमारतीत एका साणेची जागा भाड्यानं घ्यायची, किंवा अंगणामागच्या खोलीत एक बाक टाकायचा. हाताखाली एखादा पोरगा. काम कुणाचं? बहुतेक वेळा मोठ्या कंपनीचं किंवा व्यापाऱ्याचं. चाकू हा करणार, शिक्का त्यांचा बसणार.

त्यातही एक चाकू एका हातचा नसे. पातं भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकणारा वेगळा, साणेवर धरून त्याला आकार नि धार देणारा वेगळा, आणि पातं, पाठीची स्प्रिंग, मूठ हे सगळं जुळवणारा वेगळा. या तिघांतल्या साणेवरच्या माणसाची गोष्ट फार वाईट आहे. तो साणेवर ओणवा बसून काम करायचा. दगडाची नि पोलादाची धूळ थेट छातीत. साण ओली असेल तर धूळ कमी, कोरडी असेल तर विचारूच नका. ‘ग्राइंडर्स अस्थमा’ हे त्या रोगाचं तिथलं नाव. फ्रेडरिक एंगेल्सनं १८४५ च्या आपल्या पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टरच्या आधारानं लिहिलंय, की कोरड्या साणेवरचा माणूस सरासरी जेमतेम ३५ वर्षं जगतो, आणि ओल्या साणेवरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतो. ज्याच्या आयुष्याची किंमत मोजून त्या पात्याला धार आली, त्याचं नाव पात्यावर नाही.

आता संग्राहकाकडं येऊ. बाजारात मोठ्या नावाला भाव. म्हणून नकली शिक्काही मोठ्या नावाचाच मारतात. अनोळखी नावाची नक्कल करून कुणाला काय मिळणार? तेव्हा छोट्या नावाचा चाकू स्वस्त मिळतो आणि बहुधा खरा असतो. पण खरं काम पुढं आहे. समजा पात्यावर एक नाव आहे, खाली ‘शेफील्ड’ लिहिलंय. हा माणूस कोण? त्या काळी शहरांच्या छापील डिरेक्टऱ्या निघत. नाव, धंदा, गल्ली. एका वर्षी एका गल्लीत, दहा वर्षांनी दुसऱ्या, मग नाव गायब, किंवा त्याच पत्त्यावर बायकोचं नाव. झाला ना एका घराचा इतिहास! कधी उलटही होतं. ते नाव शेफील्डमध्ये सापडतच नाही, सापडतं दुसऱ्याच गावात, दुकानदार म्हणून. कारण दुकानदार आपल्या नावाचे चाकू बनवून घेत. तेव्हा नाव दिसलं की कारागीर सापडला, असं समजायचं नाही.

चाकू स्वतःही साक्ष देतो. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यामुळं आयात मालावर देशाचं नाव घालावं लागलं. म्हणून ‘इंग्लंड’ असं कोरलेलं असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा. पातं स्टेनलेस असेल तर १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रेअर्लीनं ते पोलाद शेफील्डमध्येच त्या साली केलं. मूठ बघा. हरणाच्या शिंगाची म्हणतात ती पुष्कळदा आपल्याकडच्या सांबराची. दरसाल गळून पडणारी ही शिंगं भारतातून तिकडं जात. म्हणजे साहेबाच्या खिशातल्या चाकूत आपल्या जंगलाचाही वाटा होता.

संग्रह करणाऱ्यांना एक विनंती. चाकू चकचकीत करू नका. बुडाशी असलेला शिक्का आधीच झिजलेला असतो, पॉलिशच्या चाकावर धरला की उरलेली अक्षरंही जातात. त्या माणसाचा दुसरा पुरावा कुठं नसेलही. तेलाचा हलका हात पुरे. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, पितळेला कळंक चढतो. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवा, ते सडायला लागले की त्यातून निघणाऱ्या वाफेनं शेजारच्या पात्यांना गंज धरतो.

हे हौशी लोकांचं काम आहे, पण कमी समजू नका. शेफील्डमध्ये अवजारांचं दुकान चालवणाऱ्या केन हॉली यांनी आयुष्यभर अवजारं, चाकू नि अर्धवट घडलेले तुकडेसुद्धा जमवले. आज तो संग्रह तिथल्या केलम आयलंड संग्रहालयात आहे. जेफ्री ट्वीडेल या इतिहासकारानं १७४० पासूनच्या शेफील्डच्या चाकूकारांचा कोशच केला. चौदाव्या वर्षी या धंद्यात पडलेले स्टॅन शॉ हे शेवटच्या लिटल मेस्टरांपैकी एक, ते २०२१ मध्ये गेले. त्यांच्या चाकूंवर त्यांचंच नाव असे. त्यांच्यापूर्वीच्या हजारोंना ते भाग्य मिळालं नाही.

कागदावर ज्यांची नावं चढली नाहीत त्यांचा इतिहास वस्तूंत असतो, आणि वस्तू टिकल्या तरच तो टिकतो. घरात आजोबांचा एखादा जुना चाकू असेल तर भिंग घेऊन पात्याचं बूड जरूर बघा. ओळखीचं नाव निघालं तर आनंदच आहे. अनोळखी निघालं, तर शोधायला सुरुवात करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.