कंदिलाची काच आणि शहराची काच

काच ही आगीची लेक. परंतु माहेरी ती टिकत नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत सुमारे पंधराशे अंशांवर वितळली की तिचा जन्म होतो, आणि घराला आग लागली की तडकणाऱ्या वस्तूंत पहिला मान तिचाच असतो. अशा या नाजूक वस्तूने आग रोखून धरावी, ही अपेक्षा माणसाने केव्हा आणि का धरली, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील शहरांत ती कितपत फळाला आली, याचा थोडा मागोवा आम्ही प्रस्तुत लेखात घेत आहोत. विषय वरवर स्थापत्याचा दिसतो. तथापि त्याच्या तळाशी माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्या किनाऱ्यावर काच ही गरजेची वस्तू नव्हती. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसवीत. त्यांतून उजेड गाळून येई, ऊन मात्र बाहेर राही. इतरत्र जाळी, झडप आणि खोल ओसरी यांनी तेच काम केले. उष्ण प्रदेशातील घराने वाऱ्याला वाट द्यावी, हा त्यामागचा विचार होता. आग लागली तर धुरालाही तीच वाट मिळे, हा त्याचा न बोललेला लाभ होता.

काच आणि ज्योत यांचा घरगुती सहवास आपल्याकडे वाढला तो दिव्यामुळे. अंताजी दामोदर काळे यांच्या परिश्रमांतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली निघाला. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने मराठी घरांतल्या संध्याकाळी उजळल्या. त्या काळच्या गृहिणीला काचेचे एक शास्त्र न शिकता ठाऊक होते: तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, आणि वात एकदम मोठी करायची नाही. काच उष्णतेने फुटत नाही. तिचा एक भाग तापून प्रसरण पावतो, शेजारचा भाग गार राहतो आणि त्या ओढाताणीत ती फुटते. खिडकीच्या साध्या तावदानाचेही तसेच होते. त्याचा मध्य आगीसमोर तापतो, चौकटीत दडलेल्या कडा थंड राहतात आणि उणापुरा चाळीस अंशांचा फरक त्याला पुरतो. मग त्या भगदाडातून ज्वाला वरच्या मजल्याकडे झेपावतात.

या ओढाताणीवर गेल्या सव्वाशे वर्षांत तीन उत्तरे निघाली. पहिले उत्तर तारेचे. फिलाडेल्फियाच्या फ्रँक शुमन याने १८९२ साली तारेची जाळी आत घातलेल्या काचेचे एकस्व मिळविले. ही काचही आगीत तडकते, परंतु तार तिचे तुकडे जागच्या जागी धरून ठेवते. याच शुमनने १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळ सूर्याच्या उष्णतेवर चालणारे पाणी उपसण्याचे यंत्र उभारले. आग आणि ऊन या दोहोंशी ज्याचा व्यवहार झाला, असा हा माणूस आपल्या विषयाच्या प्रारंभीच भेटावा, हा योगायोग अर्थपूर्ण म्हणावा लागेल. कारण उष्ण शहरातील काचेला या दोघांशीही झुंजावे लागते.

दुसरे उत्तर काचेच्या प्रकृतीत बदल करण्याचे. जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉनयुक्त काच सिद्ध केली. तिचे प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके असते. पुढे १९५३ साली अमेरिकेत डोनाल्ड स्टूकी यांच्या प्रयोगशाळेतील भट्टी बिघडून सहाशेऐवजी नऊशे अंशांवर गेली. आतली काच वितळून वाया गेली असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ती दुधी आणि कणखर होऊन बाहेर आली, आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. काच आणि मृत्तिका यांच्या सीमेवरचा हा नवा पदार्थ. त्याच्या काही जाती तापल्या असता जवळजवळ प्रसरणच पावत नाहीत.

तिसरे उत्तर थरांचे. १९७०च्या दशकात युरोपात काचेच्या तावदानांमध्ये सोडियम सिलिकेटचे पारदर्शक थर भरण्याची पद्धत रुळली. सुमारे १२० अंशांना हा थर फुगतो, पांढरा फेसाळ होतो आणि काचेची जणू भिंत बनते. पहिल्या दोन उत्तरांनी ज्वाला आणि धूर अडवले, परंतु उष्णतेची झळ आरपार येतच होती. या तिसऱ्या उत्तराने झळही अडवली.

येथे मोजमापाचा प्रश्न येतो. इमारतीचे भाग आगीत किती वेळ टिकतात हे ठरविण्यासाठी भट्टीचे तापमान कोणत्या चढणीने वाढवावे, याचे मानक १९१८ साली अमेरिकेत निश्चित झाले. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती भट्टी अर्ध्या तासाला ८४२, तासाला ९४५ आणि दोन तासांना १,०४९ अंश सेल्सियसवर पोहोचते. युरोपीय पद्धतीत अशा परीक्षेतून तीन श्रेणी निघतात. ‘ई’ श्रेणीची काच केवळ ज्वाला आणि तप्त वायू अडवते. ‘ईडब्ल्यू’ श्रेणीत, एक मीटर अंतरावर पोहोचणारी झळ दर चौरस मीटरला १५ किलोवॅटच्या आत ठेवण्याची अट आहे; म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे पंधरापट. ‘ईआय’ श्रेणीत मात्र काचेच्या सुरक्षित बाजूचे तापमान सरासरी १४० अंशांहून आणि कोणत्याही एका बिंदूशी १८० अंशांहून अधिक वाढता कामा नये. तेव्हा ‘एक तासाची काच’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. तो एक तास ज्वालेपासूनचा की झळीपासूनचा, हे विचारले पाहिजे. ज्या जिन्याने वृद्ध, आजारी माणसे हळूहळू उतरणार, तेथे ‘ई’ श्रेणीची काच लावणे म्हणजे पलीकडच्या आगीची झळ त्यांच्या अंगावर सोडणे होय.

आणखी एक गैरसमज बाजारात सर्रास आढळतो. ‘टफन्ड’ काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते, म्हणून ती आगीतही टिकेल असे मानले जाते. तापमानातील फरक ती साध्या काचेपेक्षा अधिक सोसते हे खरे. परंतु तिची सीमा ओलांडली की ती क्षणात खड्यांच्या राशीत कोसळते, आणि भिंतीच्या जागी पोकळी उरते. उलट तारेची काच आगीत उभी राहते, पण माणूस आदळला तर साध्या काचेहूनही लवकर फुटून तारांसकट जखम करते. म्हणूनच अमेरिकेतील नियमांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तिला मिळणारी सवलत काढून घेतली. बळकटी आणि अग्निरोधन हे दोन वेगळे गुण आहेत.

आता आपल्या शहरांकडे वळू. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर मुंबई, हैदराबाद, बेंगळूरु, कोलकाता येथे काचेच्या दर्शनी भिंती उभ्या राहिल्या. थंड देशांत सूर्यप्रकाश आत घेण्यासाठी जन्मलेली ही रचना आपल्याकडे ऊन आत घेऊन ते वातानुकूलन यंत्राने बाहेर काढू लागली. यंत्रासाठी खिडक्या बंद झाल्या. शिंपल्याच्या खिडकीने आणि जाळीने राखलेली वाऱ्याची वाट येथे नाहीशी झाली.

याची किंमत कोलकात्याने मोजली. ९ डिसेंबर २०११च्या पहाटे ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघरात ज्वलनशील सामान साठविलेले होते. ज्वाला वरच्या मजल्यांवर फारशा पोहोचल्याच नाहीत. पोहोचला तो धूर. बंदिस्त काचेच्या भिंतींमुळे त्याला बाहेर जाता येईना, आणि अग्निशामक दलाला बाहेरून काचा फोडाव्या लागल्या. नव्वदच्या आसपास माणसे मरण पावली, त्यांतील बहुतेक गुदमरून. त्याआधी २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळूरुच्या कार्लटन टॉवर्समध्येही धुराने असाच घात केला होता आणि नऊ जणांचा बळी गेला होता.

या दुर्घटनांचा धडा ‘महागडी काच लावा’ एवढाच नाही. दर्शनी भिंतीला उत्तमोत्तम अग्निरोधक काच असती आणि ती उघडत नसती, तरी धूर आतच राहिला असता. अग्निरोधक काचेची खरी जागा आत आहे: जिना, उद्वाहनासमोरची जागा, तळघराचे दार, दोन विभागांमधील पडदी. बाहेरच्या भिंतीने मात्र उघडता आले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत काचेच्या दर्शनी भिंतीत प्रत्येक मजल्यावर उघडणारे भाग ठेवण्याचे, आणि मजल्याची लादी व काच यांमधील फट लादीच्याच तोडीच्या अग्निरोधक द्रव्याने बुजविण्याचे सांगितले आहे. ती फट म्हणजे न दिसणारे धुरांडेच असते.

उष्ण हवामानाची म्हणून काही पथ्ये वेगळी आहेत. सिलिकेटचा थर अतिनील किरणांनी आणि ओलाव्याने बिघडतो; त्यात बुडबुडे धरतात, काच गढुळते. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या तावदानाचे तापमान हवेपेक्षा पुष्कळच वर जाते, आणि निर्मात्याने घालून दिलेली मर्यादा बहुधा ४५ ते ५० अंशांचीच असते. म्हणून अशी काच बाहेरच्या बाजूला लावायची झाल्यास अतिनील किरणे अडविणारा जादा थर हवा, आणि पावसाळ्यात पाणी चौकटीत साचणार नाही अशी तजवीज हवी. चौकटीचे महत्त्व तर काचेइतकेच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. भट्टीतील परीक्षा पहिल्या अर्ध्या तासातच त्यापुढे जाते. साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसविलेली साठ मिनिटांची काच साठ मिनिटांची राहत नाही. परीक्षा उत्तीर्ण होते ती काच, चौकट, पट्टी आणि खिळे मिळून. त्यांपैकी एक बदलले की जुने प्रमाणपत्र कागदापुरते उरते.

खर्चाची तक्रार आम्हांस मान्य आहे. झळ अडविणारी काच महाग आहे आणि ती सर्वत्र लावणे परवडणारे नाही. परंतु तशी गरजही नाही. प्रत्येक तावदानापाशी उभे राहून विचारायचे ते इतकेच: आग लागली तर या काचेपलीकडे माणूस उभा असेल काय, आणि त्याला येथून निघून जाण्यास किती वेळ लागेल? उत्तर जेथे ‘हो’ असेल आणि वेळ जास्त असेल, तेथे हात आखडता घेऊ नये. जेथे साधी वीटभिंत पुरते, तेथे काचेचा हट्ट सोडावा.

कंदिलाच्या काचेला वर तोंड ठेवलेले असे. ज्योत आत सुरक्षित राही आणि धूर वरून निघून जाई. ती बनविणाऱ्या कारागिराला आग कोठे अडवायची आणि धूर कोठे सोडायचा, या दोन्ही गोष्टी एकत्रच कळत होत्या. आपल्या शहरांना त्या अजून वेगवेगळ्या वाटतात.