डांबर किती लागेल? एका हिशेबाचा इतिहास

डांबरी रस्त्याच्या अंदाजपत्रकात दोन हिशेब असतात. लांबी, रुंदी, जाडी आणि घनता यांच्या गुणाकारातून खडी-डांबराचे मिश्रण किती टन लागेल ते कळते. हा पहिला हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. त्या मिश्रणात डांबर किती घालायचे हा दुसरा, आणि तो बसवायला अभियंत्यांना जवळपास सत्तर वर्षे लागली.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1854 मध्ये पॅरिसमध्ये आणि 1869 मध्ये लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर जो डांबरयुक्त चुनखडक वापरला, त्यात डांबर निसर्गतःच मुरलेले होते. दगड दळायचा, तापवायचा, पसरून ठोकायचा, एवढेच काम. अमेरिकेत वाट बदलली. बेल्जियमहून आलेले रसायनतज्ज्ञ एडमंड डी स्मेट यांनी 1870 मध्ये न्यूअर्क शहरात वाळू आणि डांबर यांचे मिश्रण अंथरले. 1876-77 मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्रिनिदादच्या डांबर-सरोवरातला माल वापरला गेला. आता प्रमाण माणसाने ठरवायचे होते. डांबर जास्त झाले तर उन्हात ते वर येऊन रस्ता निसरडा होतो, चाकोऱ्या पडतात. कमी पडले तर पावसाळ्यात खडी सुटते.

क्लिफर्ड रिचर्डसन यांच्या 1905 च्या ग्रंथात त्या काळची कसोटी सापडते. गरम मिश्रण मनिला कागदावर ठेवून लाकडी फळीने दाबायचे आणि कागदावरचा डाग पाहायचा. डाग फिका तर डांबर कमी, गडद तर जास्त. पद्धत साधी असली तरी अनुभवी माणसाच्या नजरेवर अवलंबून होती, आणि नजर अंदाजपत्रकात लिहिता येत नाही.

कॅलिफोर्नियात फ्रान्सिस ह्वीम यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस वेगळा विचार केला. डांबर खडीच्या पृष्ठभागाला चिकटते, म्हणून आधी पृष्ठभाग मोजावा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे हजार घन केले की तो 60 होतो. म्हणजे भुकटी थोडी वाढली तरी डांबराची गरज बदलते. हिशेब इथे खऱ्या अर्थाने शास्त्रावर आला.

1939 च्या सुमारास मिसिसिपीच्या रस्ते खात्यातील ब्रूस मार्शल यांनी त्याला प्रयोगशाळेची जोड दिली. चार इंच व्यासाच्या वड्या अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने डांबर वाढवत बनवायच्या, दहा पौंडांच्या हातोड्याने दोन्ही बाजूंनी ठोकायच्या, हवेत व पाण्यात वजन करून घनता आणि पोकळी काढायची, मग 60 अंश सेल्सिअसला दाबून किती भार पेलतात ते पाहायचे. दुसऱ्या महायुद्धात जड विमानांसाठी धावपट्ट्या बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराने ही पद्धत उचलली, आणि ती जगभर पसरली.

भारतात रस्त्यांचा विचार 1927 च्या बॅ. मुकुंदराव जयकर समितीपासून संघटित झाला. तिच्या शिफारशींतून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पुढे मार्शल चाचणी इथल्या मानकांतही आली. तरी महाराष्ट्रात खडी आजही ब्रासने, म्हणजे 100 घनफुटांच्या मापाने, घेतली जाते. सुट्या खडीत मोकळी जागा किती हे तिच्या आकारावर ठरते, त्यामुळे एका ब्रासचे वजन दर वेळी सारखे नसते. डांबराचा हिशेब म्हणूनच वजनावर करावा लागतो.

एक किलोमीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 40 मिलिमीटर जाड थर म्हणजे 280 घनमीटर. दाबलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला 2.4 टन धरली तर 672 टन मिश्रण, आणि 5 टक्क्यांनी सुमारे 34 टन डांबर. थर 5 मिलिमीटरने पातळ अंथरला, तर त्यातले 84 टन मिश्रण रस्त्यावर आलेलेच नसते. त्यामुळे रस्त्याचा गाभा काढून जाडी मोजल्याशिवाय कोणतेही बिल मंजूर होऊ नये.