पावती, पागडी आणि करारनामा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्यानं मुंबई पाहिली नसावी. इथं घर बांधून पाहायची ऐपत फार थोड्यांची. बाकीच्यांनी घर शोधलं, मिळवलं, टिकवलं आणि त्यासाठी पुष्कळदा कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आज या शहरात जागा घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवशी काही शब्द पडतात. पागडी, लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, कार्पेट, कन्व्हेयन्स, रेरा नंबर. एजंट ते एका दमात म्हणून मोकळा होतो आणि आपण मान डोलावतो. पण यातल्या प्रत्येक शब्दामागे या शहराच्या इतिहासातलं एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात कुणी ना कुणी पोळलेलं आहे. त्या प्रकरणांची आज थोडी उजळणी करू.

सुरुवात करावी लागते ती प्लेगपासून. १८९६ साली मांडवी भागात प्लेग दिसला आणि कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं रस्ते रुंद केले, नव्या वसाहती आखल्या, चाळीही बांधल्या. पण आरंभीच्या काळात पाडापाडी जास्त आणि बांधकाम कमी, अशी तक्रार होती. घर पाडलं की तिथला माणूस शेजारच्या चाळीत घुसे, तिथली गर्दी वाढे आणि भाडंही वाढे.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचं सामान महागलं, नवी घरं थांबली आणि भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली सरकारनं मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आणला. तो युद्धकाळापुरता होता आणि पुढे काही वर्षांनी त्याची मुदत संपली. याच सुमारास, १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, सुरू झालं. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. गंमत अशी, की सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. गिरणी कामगाराला भाडं परवडेना आणि जागा लांब वाटे. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला.

त्या काळात मुंबईत 'जागा भाड्यानं देणे आहे' अशा पाट्या लागत, असं जुनी माणसं सांगत आली. पाटी पाहायची, जागा पसंत करायची, भाडं ठरवायचं आणि बिऱ्हाड हलवायचं. आज हे खरं वाटत नाही. पण पाटी गेली ती एका दिवसात नव्हे आणि केवळ माणसांच्या लोभामुळेही नव्हे. शहर-बेटाची लोकसंख्या १९४१ साली सुमारे १५ लाख होती, ती १९५१ साली २३ लाखांवर गेली. आधी युद्ध, मग फाळणीनंतर आलेले निर्वासित, शिवाय कामाच्या शोधात येणारी माणसं. घरं मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत.

अशा वेळी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याचं सूत्र सोपं होतं. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, ते प्रमाण भाडं धरायचं. भाडेकरू भाडं देत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या मोजक्या कारणांशिवाय त्याला काढता येणार नाही. भाडं घेतलं की मालकानं पावती दिलीच पाहिजे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे ही भाडेदारी जाईल.

या कायद्यानं मुंबईतल्या सामान्य माणसाला स्थैर्य दिलं, हे आधी मान्य केलं पाहिजे. हा आधार नसता तर गिरगाव, दादर, परळमधले कारकून, शिक्षक आणि कामगार तिथं दोन-तीन पिढ्या टिकले नसते. भाडेपावती हा कागदाचा चिटोरा घरातल्या दागिन्यांच्या डब्यात जाऊन बसला. मालकानं भाडं नाकारलं तर माणसं मनीऑर्डर करत, नाहीतर स्मॉल कॉजेस कोर्टात पैसे भरत, पण पावतीचा खंड पडू देत नसत.

आता या कायद्याची दुसरी बाजू. भाडं १९४० सालाशी बांधलेलं आणि जागेची किंमत मात्र दरवर्षी चढती. या दोहोंमधलं अंतर कुणाच्या तरी खिशात जाणारच. ते ज्या रूपात गेलं, त्याचं नाव पागडी. कायद्यानं ती घेणं गुन्हा होता, तरी ती उघडपणे चालू होती. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून रोख रक्कम घेई, मालक आपला वाटा काढून नव्याच्या नावे पावती फाडी. ज्याच्याजवळ रोकड, त्याला जागा. ज्याच्याजवळ फक्त पगार, त्याला पाटीही दिसेनाशी झाली.

म्हणजे त्या काळात घराच्या व्यवहारात खरं तर तीन माणसं होती. एक आत राहणारा, दुसरा मालक आणि तिसरा दाराबाहेर उभा असलेला. कायदा बोलला तो पहिल्या दोघांमध्ये. तिसऱ्याचं नाव त्यात नव्हतं. आणि हा तिसरा नेहमी परगावचाच असे, असं नाही. एका खोलीत दोन भाऊ वाढले, पावती थोरल्याच्या नावावर झाली आणि धाकट्यानं लग्नानंतर डोंबिवलीची लोकल धरली, ही कथा कितीतरी घरांत घडली. १९७० च्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटातलं नवं जोडपं एवढ्याशा जागेत एकांत शोधतं, ते प्रेक्षकांना हसवून गेलं खरं, पण हसणाऱ्यांतल्या अनेकांचं घर तसंच होतं.

मालकाची बाजूही पाहू. हातात येणाऱ्या भाड्यात जिन्याचा कठडा नीट करणंही परवडेना, तेव्हा त्यानं दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही. मालक म्हणे, उत्पन्न माझं नाही. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली सरकारनं कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा अशा इमारती १९ हजारांवर होत्या. दुरुस्त्या झाल्या, पुनर्बांधणी झाली, पण प्रश्न संपला नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. गोठलेल्या भाड्याचा हिशेब कधी कधी असाही चुकता होतो.

भाड्याची जागा मिळेना, तेव्हा मध्यमवर्ग मालकीकडे वळला. त्याचा एक चांगला मार्ग आधीपासून तयार होता. १९१५ साली रावबहादूर श्री. सु. तालमकी यांच्या पुढाकारानं गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली होती. सभासदांनी एकत्र यायचं आणि आपणच आपली घरं उभारायची, ही ती कल्पना. पण त्याला वेळ, जमीन आणि एकमेकांवरचा विश्वास लागतो. स्वातंत्र्यानंतर या मार्गाच्या शेजारी दुसरा रस्ता फुटला. बिल्डर जमीन मिळवी, नकाशा दाखवी आणि 'ओनरशिप फ्लॅट' विकू लागे. पैसे आधी, घर नंतर.

त्यात काय झालं असेल ते सांगायला नको. नकाशात एक आणि प्रत्यक्षात दुसरं, एकच फ्लॅट दोघांना विकलेला, जमिनीचा कागद कुणाच्या नावावर ते ठाऊक नाही, ताबा कधी ते ठाऊक नाही. म्हणून १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. घरांच्या टंचाईमुळे या धंद्यात गैरप्रकार वाढत आहेत, हे त्याच्या प्रास्ताविकातच नमूद आहे. बिल्डरनं मालकी हक्काचे कागद दाखवावेत, लेखी करार केल्याशिवाय पैसे घेऊ नयेत, ग्राहकाच्या संमतीशिवाय नकाशा बदलू नये, सोसायटी स्थापावी आणि शेवटी जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून द्यावी, असं बंधन आलं. या शेवटच्या पायरीचं नाव कन्व्हेयन्स.

कायदा चांगला होता, पाळणारे थोडे होते. १९७७ सालच्या 'घरौंदा' चित्रपटात एक तरुण जोडपं पै पै जमवून फ्लॅटसाठी भरतं आणि फसवलं जातं. कायदा होऊन तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. कन्व्हेयन्सचं तर विचारूच नका. माणसं फ्लॅटमध्ये राहून म्हातारी झाली, पण खालची जमीन कागदोपत्री जुन्या मालकाचीच राहिली. पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा हे ध्यानात आलं. शेवटी २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट काढून दिली.

इकडे भाड्याच्या जागेतही पळवाट निघाली होती. भाडेकरू ठेवला तर जागा गेली, म्हणून मालक 'लिव्ह अँड लायसन्स' करू लागले. हा भाडेकरू नव्हे, हा परवान्यावर राहणारा, असा त्याचा अर्थ. मग सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असे जे लोक जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. आत असलेल्यांना पुन्हा एकदा संरक्षण मिळालं. पण ज्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्या मालकांनी धसका घेतला आणि कुलपं लावली. एका बाजूला बंद फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला जागेसाठी वणवण, असं चित्र दिसू लागलं.

हा गुंता थोडा सुटायला शतक संपावं लागलं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं १९४० च्या पातळीला भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे, असं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला उघड मान्यता दिली आणि लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची झटपट सोय केली. मालकाची भीती कमी झाली आणि कुलपं निघू लागली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. 'अकरा महिन्यांचाच करार, नोंदणीची गरज नाही' असं आजही सर्रास सांगतात. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमातून ती समजूत आली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्यानं असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

फ्लॅट घेणाऱ्याच्या बाजूनं शेवटचं मोठं पाऊल पडलं ते २०१६ च्या रेरा कायद्यानं. १ मे २०१७ पासून नव्या प्रकल्पांना नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. १९६३ च्या कायद्यात हीच मर्यादा वीस टक्के होती. ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावे लागतात. विक्री होते ती कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर.

तेव्हा आज जागा पाहायला जाताना हा इतिहास बरोबर न्यावा. पागडीची जागा घेत असाल तर आपण भाडेदारी घेत आहोत, मालकी नव्हे, हे समजून घ्या. मालकाची संमती आणि आपल्या नावची पावती हाती आल्याशिवाय रक्कम देऊ नका. जुना फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेटबरोबर सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं आहे का ते विचारा. नवा असेल तर रेरा क्रमांक घालून प्रकल्पाची माहिती स्वतः वाचा. भाड्याची जागा असेल तर नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्या. यातला एकही प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. तो विचारण्याचा हक्क आपल्याला आधीच्या पिढ्यांच्या नुकसानीतून मिळाला आहे.

एवढं करूनही दाराबाहेरचा तिसरा माणूस उरतोच. कागद सगळे चोख आहेत, पण किंमत आवाक्यात नाही, असं म्हणत तो विरार-बदलापूरच्या पुढे सरकतो आहे. फसवणुकीवर कायदा करता येतो. टंचाईवर घरंच बांधावी लागतात, आणि तीही पगारात बसतील अशी. बीडीडीच्या त्याच चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. मूळच्या रहिवाशांना मोठी घरं मिळत आहेत, ही आनंदाची गोष्ट. बाकीच्या मजल्यांवर कोण राहायला येणार, हे विचारत राहणं आपलं काम आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)