बिनचूक केलेली चुकीची चाचणी

प्रयोगशाळेतील चूक म्हटली की नमुन्यांची अदलाबदल, मुदत संपलेले रसायन किंवा आकडा उतरवताना झालेली गफलत डोळ्यांपुढे येते. अशा चुका पकडण्याची शिस्त जुनी आहे. अमेरिकेत बेल्क आणि सुंडरमन यांनी एकसारखेच नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवले आणि उत्तरांतील मोठी तफावत १९४७ साली प्रसिद्ध केली. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांतील नियंत्रण-आलेख वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमातही थुंकीच्या काचपट्ट्या, आधीचा निष्कर्ष झाकून, दुसऱ्या तपासनिसाकडून पुन्हा पाहून घेण्याची पद्धत रुळली.

मात्र या शिस्तीची मर्यादा क्षयरोगानेच दाखवून दिली. थुंकीच्या तपासणीला समांतर अशी एक रक्तचाचणी खासगी क्षेत्रात फोफावली होती. ती रक्तातील प्रतिपिंडे शोधत असे. भारतात अशा चाचण्यांची संख्या वर्षाला सुमारे १५ लाख असल्याचा अंदाज होता. त्यांचे बहुतेक संच युरोप व उत्तर अमेरिकेत तयार होत. पण क्षयरोगाच्या निदानासाठी कोणत्याही मान्यवर नियामक संस्थेने त्यांना मंजुरी दिलेली नव्हती.

येथे तंत्रज्ञाचा हात चुकत नव्हता, यंत्रही बिघडलेले नव्हते. दोष चाचणीच्या मुळाशी होता. जंतूशी कधीतरी गाठ पडल्याची शरीराने ठेवलेली नोंद म्हणजे प्रतिपिंड. आज रोग आहे की नाही, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. परिणामी निरोगी माणसाच्या वाट्याला महिनोन्‌महिने अनावश्यक औषधे येत, तर खरा रुग्ण ‘निर्दोष’ अहवाल घेऊन घरी जाई आणि आप्तांना संसर्ग देत राही.

उपलब्ध पुरावा तपासून जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये या चाचण्या वापरू नयेत असे बजावले. क्षयरोगाच्या क्षेत्रात सर्रास रूढ असलेल्या पद्धतीविरुद्ध संघटनेने दिलेली ही पहिलीच स्पष्ट नकारात्मक शिफारस होती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती, विक्री, वितरण आणि वापर यांवर बंदी घातली.

नियंत्रण-आलेख मोजमाप स्थिर आहे का, एवढेच सांगतो. जे मोजले जात आहे त्यावरून रोग ओळखता येतो का, याचे उत्तर रुग्णांवरील काटेकोर अभ्यासातूनच मिळते. ते उत्तर हाती येण्यापूर्वी चाचणी बाजारात उतरली, तर बिनचूक काम करणारी प्रयोगशाळाही चुकीचेच अहवाल देत राहते.